अंतराचे तेहतीस पौंड

चारुदत्त वर्तकांनी आपल्या मुलीचं वजन तेहतीस पौंडांनी कमी केलं. तेही रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीतून न उठता. टेक्ससच्या फ्रिस्को गावातल्या भल्याभल्या जिमना जे वर्षभरात जमत नाही, ते वर्तकांनी लॅपटॉपची चार बटणं दाबून केलं आणि ताक पिऊन आडवे झाले. पुढे जे रामायण घडलं ते ह्या तेहतीस पौंडांपायी.

तसा दोष द्यायचाच तर शाळेतल्या त्या मीटिंगला द्यावा लागेल. वर्तकांची अंतरा दहावीत आणि शाळेच्या टीममध्ये गोळाफेक करते. पुढे कॉलेजच्या टीमकडूनही गोळा फेकायचा हे तिनं ठरवून टाकलेलं. अशा मुलांच्या आईबापांसाठी शाळेनं कँटीनमध्ये एक सभा ठेवली, आणि पडद्यावर पहिलंच वाक्य झळकलं: लवकर सुरुवात करा. आता हे तुम्ही कुणाला सांगताय? विमान सहाचं असेल तर दोनला एअरपोर्टवर जाऊन डबा उघडणारा हा माणूस! वर्तक इतके खूश झाले, की पुढच्या पस्तीस स्लाइड त्यांनी नीट पाहिल्याच नाहीत. त्यांत तीन गोष्टी होत्या. कॉलेजच्या कोचला पत्र मुलांनी स्वतः लिहावं. पत्रात खरं तेच लिहावं. आणि मोठ्या कॉलेजांच्या कोचना दहावी संपल्यानंतरच्या पंधरा जूनपर्यंत मुलांना उत्तर द्यायला नियमानं बंदी आहे. ह्या तिन्ही वेळी वर्तक वहीत "लवकर" ह्या शब्दाखाली रेघा मारत होते.

सभेत एक शब्द मात्र त्यांच्या कानात राहिला: प्रोफाइल. प्रत्येक खेळाडूचं एक पानाचं प्रोफाइल हवं. ते कसं असतं ह्या विवंचनेत ते घरासमोर कचऱ्याचा डबा ओढत असताना शेजारच्या शुभाकाकू भेटल्या. शुभाकाकू म्हणजे वय वर्षं चौऱ्याहत्तर, निवृत्त डॉक्टर, पन्नास वर्षं अमेरिकेत, आणि त्यांतली वीस वर्षं मराठी मंडळाच्या वधू-वर मेळाव्याच्या प्रमुख. त्यांनी जमवलेली छत्तीस लग्नं टेक्ससभर सुखानं नांदताहेत, असं त्या स्वतः सांगतात. चौतीस, असं वर्तकांची बायको रेखा सांगते.

"प्रोफाइल म्हणजे बायोडेटाच ना?" काकू म्हणाल्या. "अरे चारुदत्ता, मग घाबरतोस काय? मुलगी गुणी आहे, समोरच्याला ती दाखवायचीय, आणि समोरच्याकडे आधीच शंभर स्थळं आलेली आहेत. वीस वर्षं मी दुसरं काय केलं? फॉरमॅट पाठवते."

आणि फॉरमॅट आला. वर कोपऱ्यात गणपती, चारी बाजूंनी गुलाबाची वेलबुट्टी. वर्तक तसे पुढारलेल्या विचारांचे, त्यामुळे रंग आणि गोत्र हे दोन रकाने त्यांनी बाणेदारपणे उडवले. बाकी इंग्रजीत होतं तसं ठेवलं. आहार: अंडी चालतात. स्वभाव: मनमिळाऊ. "मांगलिक: नाही" हे काकूंनी आधीच भरून ठेवलेलं, तिकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. अपेक्षा ह्या रकान्यापाशी ते बराच वेळ अडले आणि मग लिहिलं: कॉलेज सुस्थितीतलं, शक्यतो टेक्ससमधलं, कोच निर्व्यसनी. फोटो गणपतीतला, पैठणीतला. शाळेच्या कपड्यांतले फोटो होते, पण गोळा फेकताना तिचा चेहरा असा काही होतो, की तो पाहून कोण होकार देणार, असं वर्तक आणि मदतीला आलेल्या शुभाकाकू, दोघांचंही मत पडलं.

राहिलं वजन. वर्तकांनी खरं तेच लिहिलं, एकशे अठ्ठ्याहत्तर पौंड. खांद्यावरून वाकलेल्या शुभाकाकू दचकल्या.

"अरे, असं लिहितात का कुठे? बघायला येतात ते काय काटा घेऊन येतात?"

म्हणून एकशे पंचेचाळीस. आणि उंची पाच फूट सहाऐवजी साडेसात. खोटं बोलतोय असं वर्तकांच्या मनातही आलं नाही. बायोडेटात वजन जरा खाली आणि उंची जरा वर असायचीच, ही त्यांच्या दृष्टीनं टंकलेखनाची पद्धत होती.

प्रोफाइलबरोबर व्हिडिओ हवा. शाळेच्या मैदानावर कोच डेल्गाडो वर्तकांना फोन घेऊन आत येऊ देईनात, म्हणून शनिवारी मागच्या अंगणात शूटिंग ठरलं. चार किलोचा लोखंडी गोळा. अंतरा फेकणार, वर्तक टिपणार. गोळा सुटला की वर्तकांचे डोळे आपोआप मिटत आणि फोन आपोआप आभाळाकडे जाई. एकूण अकरा व्हिडिओ झाले. प्रत्येकात अंतरा गिरकी घेते, मग टेक्ससचं निरभ्र आकाश दिसतं, आणि मागून एक पुरुषी आवाज "आई गं" म्हणतो. बाराव्या फेकीला गोळा हिरवळीखालच्या पाण्याच्या पाइपवर पडला आणि अंगणात दोन पुरुष उंचीचं कारंजं उडालं. हा व्हिडिओ मात्र उत्तम आला, कारण तो काकूंनी कुंपणावरून काढला होता.

चौथ्या दिवशी कॉलनीच्या समितीचं पत्र. मागील अंगणात विनापरवाना खोदकाम, बारा खड्डे, खुलासा करावा. वर्तकांनी समितीच्या वेबसाइटवर रीतसर परवानगीचा फॉर्म उघडला. त्यात पर्याय तीनच: स्विमिंग पूल, कारंजं, कुत्र्याचं घर. खोटं लिहायचं नाही म्हणून (अहो, ह्या बाबतीत ते फार काटेकोर!) त्यांनी कारंजं हा पर्याय निवडला. समितीनं उलट टपाली कारंज्याचा नकाशा, रंग आणि पाण्याच्या धारेची उंची मागवली. तो पत्रव्यवहार अजून चालू आहे.

तर असा सगळा जामानिमा करून वर्तकांनी आपल्या ऑफिसच्या ईमेलवरून बेचाळीस कॉलेजांच्या कोचना पत्रं धाडली. "आमची ज्येष्ठ आणि एकुलती कन्या" अशी सुरुवात, "आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत" असा शेवट. आणि मग ते वाट पाहू लागले. एक आठवडा गेला. दोन गेले. एकाचंही उत्तर नाही.

वर्तकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाही म्हणा, पण काही म्हणाल की नाही? इतकी काय मुलगी टाकून दिली आहे आम्ही? शेवटी त्यांनी मन मोकळं केलं ते अनिल टिपणीसांजवळ. अनिल हा त्यांचा ऑफिसातला जुना दोस्त. त्याचा मुलगा टेनिसच्या जोरावर कॉलेजात गेलेला, त्यामुळे ह्या विषयात त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

"अरे यार, चारू," अनिलनं कपाळाला हात लावला, "त्यांना उत्तर द्यायला बंदी आहे जूनपर्यंत! आणि पत्र तू लिहिलंस? बापानं लिहिलेलं पत्र कोच वाचतसुद्धा नाहीत. काय लिहिलंयस ते तरी दाखव."

अनिलनं प्रोफाइल वाचलं. मग तो जिन्यात जाऊन हसून आला आणि परत वाचलं. वर्तकांनी लॅपटॉप मिटला आणि दिवसभर त्याच्याशी अबोला धरला.

पण बेचाळीसांतलं एक उत्तर आलंच. ओक्लाहोमातलं एक लहानसं कॉलेज, ज्याला जूनची अट लागू नव्हती. कोचचं नाव हॉलंड, बाई होत्या. आणि त्यांनी उत्तर लिहिलं ते वर्तकांना नाही. बायोडेटाच्या तळाशी "संपर्क" ह्या रकान्यात अंतराचाही ईमेल होता, तिथे.

शनिवारी सकाळी वर्तक पोहे परतत होते. रेखा टेबलाशी चहा घेत बसली होती. अंतरा फोन हातात घेऊन जिना उतरली आणि म्हणाली, "बाबा, ही एकशे पंचेचाळीस पौंडांची मुलगी कोण आहे?"

पोहे करपले ते तिथे.

तिनं पत्र वाचून दाखवलं. कोच हॉलंडनी लिहिलं होतं, साडी फार सुंदर आहे. एकशे पंचेचाळीस पौंडांची मुलगी सदतीस फूट गोळा फेकते म्हणजे एक तर काटा चुकलाय नाहीतर टेप, आणि आकड्यांवर भरवसा नसेल तर मला पुढे बोलता येत नाही. मांगलिक ही कसली दुखापत असते, आणि नाही लिहिलंय म्हणजे ती पूर्ण बरी झाली का? तू कधी अडतीस फूट टाकलेस तर मला स्वतः लिही. वडिलांना नमस्कार.

"अगं, ते फॉरमॅटमध्ये तसंच असतं," वर्तक म्हणाले. "सगळेच जरा कमी लिहितात."

"कशात?"

रेखानं कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यांनी गॅस बंद केला.

"ते थर्टी-थ्री पौंड्स मी कमावलेत, बाबा," अंतरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "रोज सकाळी सहाला उठून. आणि तू ते डिलीट केलेस. यू वर एम्बॅरस्ड."

"नाही गं!"

"देन व्हाय?"

आणि ती वर निघून गेली.

वर्तक करपलेल्या कढईसमोर उभे राहिले. आता इथे थोडं मागे जायला हवं, कारण ते स्वतःही त्या वेळी मागेच गेले होते. अंतरा सातवीत असताना मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिला नाचात मागच्या रांगेत उभं केलं होतं. जेवताना कुणीतरी प्रेमानं म्हणालं, थोडी कमी कर हं. दुसऱ्या कुणी गोडाचं ताट तिच्यासमोरून हसत हसत उचललं. त्यानंतर पोरीनं मंडळात येणं सोडलं, मग शाळेत डबा खाणं सोडलं, आणि घरात हसणंही जवळजवळ सोडलं. दोन वर्षं रेखा आणि वर्तक एकमेकांशीसुद्धा हळू आवाजात बोलत. मग नववीत एक दिवस पीटीच्या तासाला कोच डेल्गाडोंनी तिच्या हातात गोळा दिला. तिनं तो फेकला. गोळा कुठे पडला ते बघून कोच मागे वळल्या, तिला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "इतके दिवस होतीस कुठे?" त्या संध्याकाळी अंतरा घरी आली आणि तिनं चार पोळ्या मागून खाल्ल्या. रेखा पीठ आणायला म्हणून आत गेली आणि पिठाच्या डब्यापाशी उभी राहून रडली. डेल्गाडोबाईंचे पाय धरावेत असं वर्तकांना त्या दिवशी वाटलं होतं, आणि अजून वाटतं.

आणि त्याच वर्तकांनी काय केलं, तर पुन्हा एकदा, हसत हसत, तिच्यासमोरचं ताट उचललं. हे त्यांना कढई घासताना कळलं. कढई त्यांनी फार वेळ घासली.

त्या दिवसापासून अंतरा गाडीत मागच्या सीटवर बसू लागली. पत्ता माहीत असलेल्या टॅक्सीवाल्यासारखे वर्तक मुकाट्यानं तिला शाळेत सोडत आणि आणत. सॉरी म्हणून झालं, दोनदा म्हणून झालं. ती "ओके" म्हणे आणि खिडकीबाहेर बघे. बेचाळीस कोचना त्यांनी दुरुस्तीचं पत्र पाठवायचं ठरवलं, तर अंतरा म्हणाली, "प्लीज, तू आता काही पाठवू नकोस." हे बरोबरच होतं, म्हणून जास्त लागलं.

दरम्यान रेखानं शुभाकाकूंना सगळं सांगितलं, आणि दिवाळीतलं ते "थोडी कमी कर" कुणाच्या तोंडचं होतं हेही सांगितलं. काकू उठून घरी गेल्या. दोन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरातून तुपात डिंक फुलल्याचा वास येत होता.

नवव्या दिवशी शाळेच्या मैदानावर स्पर्धा होती. लहानशी, तीन शाळांची. अशा स्पर्धांना माणसं कमी पडतात म्हणून पालकांच्या मदतीची यादी फिरते. वर्तकांनी पहिलंच नाव घातलं आणि कडक इस्त्रीची पँट घालून दोन तास आधी हजर झाले. डेल्गाडोबाईंनी त्यांना गोळाफेकीच्या रिंगणापाशी नेलं. तिथले पंच मिस्टर बेकर ऐंशीला टेकलेले, पाठ धरलेली, त्यांना वाकता येत नव्हतं. टेपचं शून्याचं टोक गोळा पडेल तिथे धरायचं, दुसरं रिंगणाच्या कडेशी ताणून आकडा वाचायचा. वाचणारा गुडघ्यांवर बसणार, तो मोठ्यांदा आकडा सांगणार, बेकर तो लिहून घेणार. म्हणजे वर्तक. पलीकडचं टोक धरायला अनिल टिपणीस आला होता, जिन्यातल्या हसण्याची भरपाई म्हणून.

"नियम एकच," बेकर म्हणाले. "टेप दोन खुणांच्या मध्ये आली, तर नेहमी खालचा पाव इंच धरायचा. वरचा कधीच नाही."

वर्तकांनी मान डोलावली. ते एक वजन सोडलं, तर उभ्या आयुष्यात त्यांनी खालचा आकडा कधी धरला नव्हता. पावणेनऊ झाले की त्यांच्या घरी नऊ वाजतात.

मुली फेकत होत्या, वर्तक वाकत होते, उठत होते. पँटचे गुडघे पांढरे झाले. अंतराची पाळी आली की ते तिच्याकडे न बघता टेपकडे बघत. छत्तीस फूट चार. सदतीस फूट एक. शेवटच्या फेकीआधी कुंपणापलीकडून शुभाकाकूंचा आवाज आला, "अंतरा, जोर लाव गं माझ्या वाघिणी!" काकूंच्या मांडीवर डबा होता. अंतरानं गोळा मानेशी टेकवला. गिरकी घेतली. तिचा चेहरा तसाच झाला, फोटोत घेऊ नये तसा, आणि ह्या वेळी वर्तकांचे डोळे उघडे होते. त्यांनी गोळा हातातून सुटताना पाहिला, वर जाताना पाहिला, पडताना पाहिला. इतकी देखणी गोष्ट आपण वर्षभर डोळे मिटून घालवली म्हणून त्यांना स्वतःचा राग आला.

खूण सगळ्यांच्या पुढे होती. अनिलनं शून्य टेकवलं. वर्तक गुडघ्यांवर बसले, टेप ताणली आणि कडेवर डोळा लावला. सदतीस फूट, पावणेबारा इंच, आणि वर केसभर. अडतीस फुटांची रेघ त्यांच्या नखाखाली होती.

"काय आलं?" पलीकडून अनिल मराठीत ओरडला. त्यानं वर्तकांचं तोंड पाहिलं आणि सगळं ओळखलं. "चारू, किंचित ढील देऊ का? इथे कुणाला कळतंय!"

मैदानावर मराठी कळणारे चारच जण होते. त्यांतली एक रिंगणाच्या मागे कंबरेवर हात ठेवून उभी होती. वर्तकांच्या हातात फक्त पाव इंच होता. तो दिला की अडतीस, अडतीस झाले की ओक्लाहोमाला पत्र, आणि पोर पुढच्या सीटवर. बेकर पेन्सिल धरून थांबले होते. बिचाऱ्यांना तर टेपसुद्धा नीट दिसत नव्हती.

"हलू नकोस!" वर्तक इतक्या जोरात ओरडले, की लांब उडीवाल्या मुली थांबल्या. "टोक आहे तिथेच धर! एक सूतभर हलवलंस तर बघ!"

मग बेकरांकडे वळून त्यांनी स्वच्छ इंग्रजीत, एकेक शब्द तोडून सांगितलं: सदतीस फूट, अकरा आणि तीन चतुर्थांश इंच.

बेकरांनी लिहून घेतलं. तिचा आजवरचा सगळ्यांत लांब गोळा. स्पर्धेत पहिला नंबर. आणि अडतीसला पाव इंच कमी. वर्तक उठले, पण अंतराकडे बघायचा धीर काही त्यांना झाला नाही.

शुभाकाकू कुंपणाला वळसा घालून आल्या. डबा अंतरापुढे धरला. "डिंकाचे आहेत," त्या म्हणाल्या. "दोन घे. चुकलं गं माझं तेव्हा. तीन घे." अंतरानं तीन घेतले आणि घामेजल्या हातांनी काकूंना मिठी मारली. डेल्गाडोबाईंनीही एक खाल्ला, आणि ह्यात काय काय असतं ते वहीत लिहून घेतलं. वर्तकांना त्या क्षणी काकूंचेही पाय धरावेसे वाटले, बाईंचेही, आणि झालंच तर बेकरांचेही. पण त्यांच्या हातात टेप होती, ती ते गुंडाळत राहिले.

घरी जायला निघाले तेव्हा गाडीचं पुढचं दार उघडलं आणि अंतरा शेजारी येऊन बसली. एका हातात लाडू, दुसऱ्या हातानं फोनवर काहीतरी लिहीत होती. दोन सिग्नल गेले.

"कोच हॉलंडना लिहिलंय," ती म्हणाली. "वाचू?"

वर्तकांनी मान डोलावली. पत्र इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर ते एवढंच:

"मी अंतरा वर्तक. उंची पाच फूट सहा इंच. वजन एकशे अठ्ठ्याहत्तर पौंड. मांगलिक ही दुखापत नाही. तुम्ही अडतीस फुटांनंतर लिही म्हणाला होतात, पण आज पाव इंच कमी पडला, तरी लिहिते आहे. आकड्यावर तुम्ही भरवसा ठेवू शकता. टेप माझ्या बाबानं वाचली आहे."

वर्तकांनी सिग्नल दिला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"काय झालं?" अंतरानं विचारलं.

"काही नाही," वर्तक म्हणाले. "शेवटचं वाक्य परत एकदा वाच."